पासवर्ड बरोबर होता

पासवर्ड चुकला असता तर पडद्यानं तसं सांगितलं असतं. चौकट थरथरली असती, खाली एक ओळ उमटली असती की चुकलं, पुन्हा टाका. तसं काही झालं नाही. अंबादासनं डाव्या हाताच्या एका बोटानं एकेक कळ दाबली होती, चौकटीत एकेक काळं टिंब उमटलं होतं, एंटर दाबल्यावर पडदा काळा झाला होता आणि कॉम्प्युटरच्या डब्यातल्या पंख्याचा आवाज चढला होता. आता आपलं नेहमीचं दिसणार म्हणून तो खुर्चीत पुढे सरकला, तर समोर पुन्हा तेच पान. तेच जांभळट, मधोमध इंग्रजी अक्षरांत त्याचं नाव, आणि नावाखाली रिकामी चौकट. त्यानं पुन्हा पासवर्ड टाकला. पुन्हा काळोख, पुन्हा पंखा, पुन्हा तेच पान. दारातून हाकलून दिलं असतं तर माणूस भांडला तरी असता. इथे कोणी अडवतच नव्हतं. ओळख पटत होती, आत घेतलं जात होतं, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत तो पुन्हा बाहेर उभा होता.

हे त्याचं त्यानंच ओढवून घेतलं होतं. मागच्या आठवड्यात बड्या फुहाऱ्याजवळच्या दुकानातला सोनकर येऊन नवं ग्राफिक्स कार्ड बसवून गेला होता. कार्ड अंबादासनंच मागवलेलं, दिवाळीआधी. ते आलं आणि चारच दिवसांत त्याला अर्धांगाचा झटका आला, मग खोकं कपाटावर धूळ खात पडलं. कुसुमला ते रोज दिसायचं. शेवटी तिनं सोनकरला बोलावून घेतलं, नवऱ्याला बरं वाटेल म्हणून. सोनकरनं कार्ड बसवलं, स्क्रू आवळले आणि म्हणाला, "भाभीजी, ड्राइवर का मैं नहीं जानता. अंकल का लिनक्स है, हमारे यहाँ कोई नहीं चलाता." चित्र दिसत होतं, पण कार्डाची खरी ताकद ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा छोटा प्रोग्राम, घातल्याशिवाय जागी होणार नव्हती. आज दुपारी कुसुम व्हरांड्यात पनागरच्या भाजीवाल्याकडून घेतलेले मटार सोलत बसली होती. अंबादास घरात एकटाच होता. त्यानं सेटिंगचं पान उघडलं, ड्रायव्हरांची यादी उघडली, सगळ्यात वरच्या नावावर टिचकी मारली. ह्यात शब्द लिहायचा नव्हता, बोलायचा नव्हता; नुसता माऊस सरकवायचा होता. एक पट्टी हळूहळू भरत गेली. पट्टी भरताना त्याच्या छातीत जे भरून आलं ते त्याला नीट ओळखू आलं नाही. कितीतरी महिन्यांत त्यानं कोणाला न विचारता, कोणी न सांगता केलेली ही पहिली गोष्ट होती. मशीननं विचारलं, पुन्हा सुरू करू? त्यानं टिचकी मारली.

आणि काय बिघडलं आहे तेही त्याला माहीत होतं. हेच खरं भयंकर होतं. मागे एकदा असंच झालं होतं. तेव्हा तो धडधाकट होता. कुसुमनं चहा टाकला आणि चहा उकळेपर्यंत त्यानं दुरुस्तही केलं. तीन कळा एकदम दाबल्या की रंगबिरंगी पान जाऊन नुसता काळा पडदा येतो, पांढऱ्या अक्षरांचा. तिथे आपलं नाव टाकायचं, पासवर्ड टाकायचा, मग एक ओळ लिहायची, की हा ड्रायव्हर काढून टाक. मशीन पुन्हा सुरू केलं की झालं. ती ओळ आत्ताही त्याच्या डोळ्यांपुढे उभी होती, कुठे जागा सोडायची, कुठे बारीक आडवी रेघ, सगळं. फक्त डोळ्यांपासून बोटापर्यंतची वाट राहिली नव्हती.

झटक्यानं उजवा हात नेला, त्याचं त्याला इतकं काही वाटलं नव्हतं. हात लुळा पडलेला दिसतो; लोक त्याला धरून उठवतात, घास भरवतात. शब्द गेलेले मात्र दिसत नाहीत. माणूस शहाणासुरता बसलेला दिसतो, समोरचा काय म्हणतो ते सगळं त्याला कळतं, आणि तोंड उघडलं की बाहेर येतं 'अच्छा'. नाहीतर 'चलो'. इस्पितळातली बोलायला शिकवणारी बाई चित्रं दाखवायची. कप, कंगवा, कुलूप. अंबादासला कुलूप दिसायचं, कुलपाची किल्ली दिसायची, सरकारी कचेरीतल्या नकाशांच्या कपाटाला लावलेलं पितळी कुलूप दिसायचं, ज्याच्यावर तो रोज सकाळी बोट फिरवायचा, आणि तोंडातून यायचं, "चलो." बाई म्हणायची, "बहुत बढ़िया, और कोशिश कीजिए." तोंडातून यायची ती हिंदीच, हे त्याला सगळ्यात जास्त लागायचं. जबलपुरात जन्म गेला, बाहेर सगळी हिंदी. पण वडिलांनी, डोमाजींनी, घरात मराठीशिवाय दुसरा शब्द कधी चालू दिला नाही. गोंदियाकडून मजुरीला आलेला माणूस, अंगठ्यावरून सहीवर आलेला, म्हणायचा, "बाहेर काय बोलाचं ते बोल रे, घरात आल्यावर आपलं बोल." आणि आता घरातलं सगळं आतल्या आत बुडालं होतं, आणि वर तरंगत होते रिक्षावाल्याला, दुकानदाराला, साहेबाला म्हणायचे दोन शब्द. होय आणि नको सुद्धा धड राहिलं नव्हतं. मान हलायची, पण भलतीकडे. पाणी हवं असताना ती आडवी फिरायची. पहिल्या महिन्यात कुसुम गोंधळायची, रडायची. मग तिनं त्याच्या मानेकडे बघणंच सोडलं. आपल्याच अंदाजानं पाणी द्यायची, आणि तिचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर असायचा.

पण त्या डब्यात काय आहे ह्याचा तिला अंदाज नव्हता. त्यात चूक त्याचीच. त्यानंच कधी नीट दाखवलं नव्हतं. पुरं झालं की दाखवू म्हणत राहिला होता. त्या डब्यात छोटी लाइन होती. जबलपूरहून गोंदियाला जाणारी, लहान रुळांची, जी बंद झाली, उखडली गेली, आणि जिच्या जागी आता मोठी गाडी जाते. लहानपणी दर उन्हाळ्यात डोमाजी त्याला त्या गाडीनं आजीच्या गावी न्यायचे. गाडी इतकी सावकाश चालायची की चढावर माणसं उतरून बाजूनं चालत. डोळ्यांत कोळशाचा कण जायचा, आई पदराची सुरळी करून फुंकर मारून तो काढायची. जामताऱ्याच्या पुलावर गाडी आली की डब्यातल्या बायका खाली नर्मदेत पैसा टाकत आणि डोमाजी टाकत नसत. ते पोराला पुलाच्या लोखंडी कैच्या, एकमेकींत अडकवलेल्या तिरप्या पट्ट्या, दाखवत, हे बघ, हे कसं एकमेकाले धरून हाये. तेच बघून बघून अंबादास ड्राफ्ट्समन झाला. नोकरीभर त्यानं दुसऱ्यांच्या इमारती कागदावर ओढल्या. निवृत्त झाल्यावर पोरीच्या जुन्या कॉम्प्युटरवर एकट्यानं शिकून त्यानं आपली लाइन बांधायला घेतली. आधी पूल, कैची न कैची. मग स्टेशनं, एकेक. सिग्नलचा खांब, पाण्याची टाकी, तिकिटाची खिडकी, खिडकीच्या लाकडावरचा कोपरे ठेवून ठेवून झिजलेला भाग. नैनपूरपर्यंत तो आला होता. आता चित्र इतकं जड झालं होतं की जरा फिरवलं तर अडखळायचं. म्हणून नवं कार्ड. पुढे बालाघाट राहिलं होतं, आणि गोंदिया, आणि प्लॅटफॉर्मवरची ती बाजू जिथे आजी पांढऱ्या लुगड्यात उभी असायची.

त्यानं डाव्या हाताचा अंगठा आणि करंगळी ताणून त्या तीन कळा दाबल्या. काळा पडदा आला. वर पांढरी ओळ, पुढे लुकलुकणारी रेघ. ती नाव विचारत होती.

रंगीत पानावर नाव आधीच लिहिलेलं असतं, इथे ते आपण लिहायचं असतं, हे तो विसरला होता. नाव. स्वतःचं. त्यानं कळांकडे पाहिलं. सगळी अक्षरं जागच्या जागी होती, आणि त्यांतलं एकही त्याला आपलं म्हणेना. ए तर पहिलंच, ए दाबलं. मग बोट अधांतरी राहिलं. दुसरा ए दाबला गेला. मग बी. मग डी. पुसलं. पुन्हा ए. आतून नाव स्वच्छ ऐकू येत होतं, आईच्या आवाजात, डोमाजींच्या आवाजात, हजेरी घेणाऱ्या मास्तरांच्या आवाजात. बोट मात्र कळांवरून परक्या गल्लीत पत्ता शोधणाऱ्या माणसासारखं फिरत होतं. ज्याच्या बोटांना पासवर्ड अजून पाठ आहे, त्याला स्वतःचं नाव येत नाही, ही गोष्ट कोणाला सांगितली तर खरी वाटली नसती. आणि सांगायची तरी कशानं.

"काय झालं जी?" कुसुम मटारांचं ताट घेऊन दारात उभी होती. "हे काळं काहून झालं? बंद पडलं का?"

"चलो," अंबादास म्हणाला. त्यानं तिचा हात धरून तिला खुर्चीशी ओढलं. मग कळा दाबून जांभळं पान परत आणलं आणि पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं. पुन्हा काळा पडदा आणला, रिकाम्या रेघेवर बोट ठेवलं. पुन्हा जांभळं पान, पुन्हा नाव. इतकं सोपं होतं ते. हे इथलं तिथे लिही. कुसुम डोळे बारीक करून एकेक अक्षर जुळवत होती.

"अं-बा-दास," तिनं वाचलं. "हो, हो, तुमचंच नाव हाये. ओळखलं ना तुम्ही? ओळखलं!" तिचा चेहरा असा काही उजळला की त्याला तिकडे पाहवेना. बोलायला शिकवणाऱ्या बाईनं तिला सांगितलं होतं, नावं दाखवत जा, ओळखायला लावत जा.

त्यानं टेबलावर मूठ आपटली. मटारांचं ताट तिच्या हातून निसटलं आणि हिरवे दाणे खोलीभर पसरले. कुसुम खाली बसून वेचायला लागली. पाठमोरी असताना ती डोळे पुसते हे त्याला ठाऊक होतं. मग उठून तिनं हैदराबादला फोन लावला.

विभावरी, त्यांची एकुलती एक पोर, तिथे एका कंपनीत होती. तिला मराठी कळायचं सगळं, बोलताना मात्र अर्ध्यावर हिंदी यायची. कुसुमनं फोन पडद्यासमोर धरला. "बघ वं, आत घेते अन् बाहेर काढते."

"आई, रुको, मी सर्च करून राहिली." थोडा वेळ नुसता टकटक आवाज. "अच्छा, बहुत लोगों को होता है हे. ड्रायव्हर टाकल्यावर होते. बाबा, तुम्ही ड्रायव्हर टाकला का?"

अंबादास फोनकडे सरकला. ती बरोबर वाटेवर होती.

"आई, ऐक. कंट्रोल, आल्ट आणि एफ तीन. एकदम दाब."

कुसुमनं दाबायच्या आधी अंबादासनंच दाबलं. फोनमधून पोर ओरडली, "बाबाला येते! आई, बाबाला येते हे!" तिनं एकेक अक्षर सांगितलं, कुसुमनं एकेक शोधून दाबलं, आणि त्याचं नाव काळ्या पडद्यावर पुरं उमटलं. त्याच्याखाली मशीननं पासवर्ड विचारला.

"पासवर्ड काय आहे?" विभावरीनं विचारलं. कुसुमला माहीत नव्हता. तिनं कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. तो जवळ आला. हे आपलं आहे, हे येतं. त्यानं पहिली कळ दाबली. पडद्यावर काहीच झालं नाही. त्यानं पुन्हा पाहिलं. टिंब नाही. दुसरी दाबली. टिंब नाही. काळ्या पडद्यावर पासवर्ड टाकताना काहीच दिसत नाही, हे त्याला एके काळी माहीत होतं, आत्ताही आठवलं. पण बोट त्या टिंबांच्या आधारानं चालत होतं, जिन्यात कठड्याला धरून चालावं तसं, हे त्याला आता कळत होतं. चौथ्या कळेपर्यंत तो आला की पाचव्या? लय तुटली. अंदाजानं पुढचं दाबलं, एंटर मारलं. चुकलं, मशीननं सांगितलं. ह्या वेळी स्वच्छ सांगितलं. कुसुमनं पुन्हा नाव टाकलं. तो डोळे मिटून बसला, मिटल्या डोळ्यांमागे टिंबं मांडायचा प्रयत्न करत. पुन्हा चुकलं. त्यानंतर किती वेळा, त्यानं मोजलं नाही. शेवटी शेवटी तर पासवर्डच गेला. रंगीत पानावर परत जाऊन टाकून पाहिला तर तिथेही चौकट थरथरली. बोटांना पाठ असलेलं तेवढं एक होतं, तेही त्यानं काळोखात घासून घासून पुसून टाकलं होतं.

"आई, माझी मीटिंग आहे," विभावरी हळू आवाजात म्हणाली. "सोनकर भैयाला बोलव ना. बाबाला त्रास नको देऊ आता."

सोनकर तासाभरात आला. चाळिशीचा, गोड बोलणारा, घरी आल्याआल्या अंबादासच्या पायांना हात लावणारा माणूस. त्यानंही दोनदा मशीन चालू-बंद करून पाहिलं, मान हलवली, पिशवीतून एक पेन ड्राइव्ह काढला. "फॉर्मेट करना पड़ेगा, भाभीजी. नया सिस्टम डाल देता हूँ, साफ़-सुथरा. इसमें कुछ ज़रूरी तो नहीं है अंकल का? हो तो दुकान ले जाना पड़ेगा, पहले निकालना पड़ेगा, दो-तीन दिन लगेंगे."

कुसुम अंबादासकडे वळली. गुडघ्यांवर हात ठेवून त्याच्यासमोर वाकली, पोराला विचारावं तशी. "काही जरुरी हाये का जी त्याच्यात? तुमचं काही?"

आहे. आहे, आहे. पूल आहे. स्टेशनं आहेत, आई आहे. त्यानं सगळा जीव मानेत आणला, आणि मान डावीकडून उजवीकडे गेली. ती चुकली हे त्याला दिसत होतं. त्यानं ती थांबवून वरखाली करायला घेतली, तर ती नुसतीच थरथरली. "अच्छा," तोंड म्हणालं. "अच्छा, चलो, चलो." त्यानं डावा हात लांब करून डब्याच्या मागची वायर धरली, ओढली. कुसुमनं हलकेच त्याची बोटं सोडवली.

"घाबरू नका. भैया नीट करून राहिले." मग सोनकरला म्हणाली, "आज ही कर दो भैया. ये बंद रहता है ना, तो ये दीवार की तरफ़ मुँह करके बैठे रहते हैं. इसी पे बोलने की कसरत का वीडियो देखते हैं."

ती खोटं बोलत नव्हती. तिनं त्या भिंतीकडे बघणाऱ्या पाठीचा धसका घेतला होता. तिच्या आवाजात ते होतं, आणि अंबादासला तिच्यावर रागावताही येईना. सोनकरनं चार कळा दाबल्या. एक प्रश्न आला, की सगळं पुसलं जाईल, नक्की? सोनकरनं वाचलंही नाही. पट्टी भरू लागली. अंबादास ती पट्टी बघत राहिला. जामतारा कधी गेलं असेल, नैनपूर कधी, ते पट्टीवरून कळायला मार्ग नव्हता. आवाज नव्हता, धूर नव्हता. कोणी लाइन उखडतं तेव्हा निदान माणसं रुळांच्या कडेला उभी राहून बघतात, फोटो काढतात. छोटी लाइन उखडली तेव्हा त्यानंही चार फोटोंसाठी पायपीट केली होती. इथे कुसुम आत पाहुण्यासाठी पोह्यांना कढीपत्ता तोडत होती. मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा समोर बर्फाचे डोंगर होते, कुठल्या देशातले कोण जाणे. सोनकर म्हणाला, "अब पासवर्ड का झंझट ही नहीं, अंकल. सीधा खुलेगा." अंबादासनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला कोणाचाच राग आला नाही. नुसतं वाटलं की आता इथे बसायचं ते कशासाठी, हे कोणीतरी सांगावं.

दिवे लागायच्या सुमाराला विभावरीचा फोन आला. कुसुम स्वयंपाकघरात होती, फोन ओट्यावर, आवाज मोठा केलेला. झालं सगळं नीट, ती सांगत होती, आता बटण दाबलं की उघडते. मग पोरीचा आवाज आला, "आणि बाबाची ट्रेन? ती आधी कॉपी केली ना?"

"कोणती ट्रेन?"

"आई, छोटी लाइन. दोन वर्षांपासून बनवून राहिले होते ना बाबा. मला एकदा फोनवर दाखवली होती, ब्रिजवाली. बोलले होते, आईला नको सांगू, पूर्ण झाल्यावर सांगू."

स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाला. कुसुम ओल्या हातांनी बाहेर आली, फोन तिच्या मुठीत तसाच चालू. ती पलंगाच्या काठावर त्याच्यासमोर बसली. तिचा चेहरा ह्या महिन्यांत किती उतरला होता ते त्यानं आत्ता पाहिलं. दाढी करून देणारी ती, आंघोळ घालणारी ती, त्याच्या मानेवर विश्वास न ठेवता त्याला जगवणारी ती.

"अहो," ती म्हणाली. "तुमची गाडी होती का त्याच्यात? तुम्ही मले तेच सांगून राहिले होते का तवा?"

अंबादासच्या आत होकार भरून उभा राहिला. दिवसभराचा, महिन्यांचा. आणि त्याच वेळी त्याला दिसलं की हा होकार तिच्या अंगावर पडला तर ती तो जन्मभर उतरवणार नाही, पाणी देताना, घास भरवताना, पाठमोरी होताना. तो तिच्याकडे बघत राहिला. ओठ जवळ आले, जीभ वर टाळूला लागली, आणि तोंडातून शब्द बाहेर पडला.

"नाही."

स्वच्छ. पुरा. मराठी.

कुसुमनं ओला हात तोंडावर ठेवला. "काय म्हणाले? काय म्हणाले तुम्ही? विभा, ऐकलं का? नाही म्हणाले! बाबा बोलले, आपलं बोलले वं!" ती रडत होती आणि हसत होती, आणि फोनमधूनही तसलाच काहीतरी आवाज येत होता. "नाही म्हणाले, काही नव्हतं त्याच्यात. माह्या जिवाले घोर लागला होता. म्हणा ना जी, अजून एकदा म्हणा, पोरीले ऐकू द्या." तिनं फोन त्याच्या ओठांशी धरला.

अंबादास फोनकडे बघत बसला. तो शब्द त्यानं निवडून म्हटला होता, का होकारच निघाला होता आणि मानेसारखा वाटेत उलटा झाला होता, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. त्यानं आत खूप खोलवर पाहिलं. तिथे विचारायला कोणी नव्हतं.